मुलाखतीच्या टेबलावर जॉब आणि ड्रॉइंग ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिप्लोमा आणि पदवीचे निकाल लागले की चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या गेटवर फायली घेतलेल्या मुलामुलींची रांग लागते. तीन-चार वर्षे नोकरी केलेले इंजिनिअरही त्याच रांगेत असतात. सकाळी दहाला बोलावलेला माणूस दुपारी साडेतीनला आत जातो, दहा मिनिटांत बाहेर येतो आणि "कळवतो" एवढे ऐकून परत फिरतो. पुढे कोणी काही कळवत नाही. हे इतके सवयीचे झाले आहे की यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही. पण त्यात उमेदवाराचे नुकसान आहे आणि कारखान्याचेही. मुख्य दोष एकच आहे: ज्या कामासाठी माणूस हवा, ते काम त्याला येते का हे मुलाखतीत कोणी बघतच नाही. यंत्रभाग (कारखान्याच्या भाषेत 'जॉब') बनवणाऱ्या कारखान्यातल्या 'क्वालिटी इंजिनिअर' या नेहमीच्या जागेचे उदाहरण घेऊन हे सविस्तर मांडतो.

सुरुवात जाहिरातीपासूनच बिघडते. 'क्वालिटी इंजिनिअर पाहिजेत. बी.ई./डिप्लोमा/आयटीआय. अनुभव ० ते ५ वर्षे. पगार योग्यतेनुसार.' या ओळीचा सरळ अर्थ असा, की कोण हवे हे कारखान्याने अजून ठरवलेले नाही. इनकमिंग इन्स्पेक्शनला (बाहेरून आलेल्या मालाच्या तपासणीला) हवा, लाइनवर हवा, की ग्राहकाच्या तक्रारींना उत्तरे देणारा हवा? तिन्ही कामे वेगळी आणि त्यांची माणसेही वेगळी. जागा एक आणि बोलावलेले वीस, असे होते ते यामुळेच. यातले पंधरा जण आल्यावर सांगितले जाते की आम्हाला सीएमएम (मापे घेणारे संगणकीय यंत्र) चालवणारा हवा होता. ही गोष्ट फोनवर दोन मिनिटांत कळली असती. महिना २२ हजारांवर काम करणाऱ्याने बिनपगारी रजा टाकली, तर २६ दिवसांच्या हिशेबाने त्याचे ८४६ रुपये जातात. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च आणि सध्याच्या कंपनीत रजेसाठी द्यावे लागणारे खोटे कारण. त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

उशिराचे कारणही गूढ नाही. मुलाखतीची वेळ एचआर ठरवते आणि प्रश्न विचारणारा असतो उत्पादन किंवा गुणवत्ता विभागाचा प्रमुख. त्याची सकाळ आदल्या दिवसाच्या रिजेक्शनच्या बैठकीत जाते, मग ग्राहकाचा फोन, मग अडलेली गाडी. महिन्याच्या २५ तारखेनंतर तर डिस्पॅचशिवाय त्याला दुसरे काही दिसत नाही. म्हणून मुलाखती महिन्याच्या मधल्या आठवड्यांत ठेवाव्यात, साडेअकराच्या पुढे ठेवाव्यात आणि सगळ्यांना दहाला न बोलावता प्रत्येकाला त्याची वेळ द्यावी. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आता प्रश्नांकडे येऊ. टर्निंग आणि बोअरिंगचे (बाहेरचा व्यास आणि आतले भोक कापण्याचे) जॉब करणाऱ्या कारखान्यात गुणवत्तेच्या माणसाला विचारले जाते: ऑटो सायकल आणि डिझेल सायकल यांतला फरक सांगा. हुकचा नियम सांगा. स्टीलमध्ये कार्बन किती टक्के असतो? प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्या जागेशी त्यांचा संबंध नाही. ते का विचारले जातात हेही समजून घ्यायला हवे. पॅनेलमधला माणूस बायोडेटा पहिल्यांदा बघतो तो उमेदवार समोर बसल्यावर. तयारी नसल्यामुळे तो स्वतःला कॉलेजातले जे आठवते ते विचारतो. पहिल्या उमेदवाराला एक प्रश्न, दुसऱ्याला दुसरा. संध्याकाळी तुलना करायला बसल्यावर हातात काहीच नसते. मग 'तो जरा बोलायला बरा वाटला' यावर निवड होते.

याहून वाईट प्रकार म्हणजे पॅनेलचेच उत्तर जुने असणे. एफएमईए (काय बिघडू शकते याचा आधीच केलेला विचार) करताना तीव्रता, वारंवारता आणि शोधता येण्याची शक्यता यांच्या आकड्यांचा गुणाकार करून आरपीएन (जोखमीचा आकडा) काढायचा आणि तो १०० च्या वर गेला की उपाय करायचा, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. अमेरिकेतील एआयएजी आणि जर्मनीतील व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांच्या २०१९ च्या एकत्रित पुस्तिकेने आरपीएन बाजूला ठेवून 'अ‍ॅक्शन प्रायॉरिटी' ही पद्धत आणली. त्यात तीव्रतेला आधी महत्त्व आहे. ही नवी पद्धत शिकून आलेल्या मुलाला "आरपीएनची मर्यादा माहीत नाही" म्हणून गुण कापणारी पॅनेल आहेत. तसेच सीपीकेचे (प्रक्रिया मापे मर्यादेत किती ठेवू शकते ते दाखवणाऱ्या आकड्याचे). "१.३३ असला की झाले" हे उत्तर पॅनेलला अपेक्षित असते. पण नव्या जॉबच्या पीपीएपीत (ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या प्रक्रियेत) सुरुवातीच्या अभ्यासासाठी निकष १.६७ च्या वरचा आहे. १.३३ ते १.६७ च्या मधल्या आकड्याला ग्राहकाला विचारावे लागते. हे सांगणारा उमेदवार बरोबर असतो, आणि तोच नापास होतो.

मग करायचे काय? मुलाखतीच्या टेबलावर जॉब आणि ड्रॉइंग ठेवायचे. लागणारी प्रत्येक वस्तू कारखान्यात आधीच आहे.

एक साधा बुश (पोकळ नळीसारखा भाग) घ्या. आतला बोअर (भोक) २५ एच७, म्हणजे २५ मि.मी. आणि त्याला एच७ ही प्रमाणित मर्यादा, बाहेरचा व्यास ४० मि.मी., लांबी ३० मि.मी., आणि बोअरच्या संदर्भाने बाहेरच्या व्यासाला ०.०३ मि.मी. रनआउटची (फिरवताना दिसणाऱ्या डगमगीची) मर्यादा. ड्रॉइंगवरचे ग्राहकाचे नाव आणि भाग क्रमांक झाकून प्रत काढा. असे पाच जॉब निवडा, यातले तीन रेड बिनमध्ये (नाकारलेल्या जॉबच्या पेटीत) सहज मिळतील. दोन जॉब पूर्ण बरोबर असू द्या. तिसऱ्याच्या बोअरच्या तोंडाशी बर (कापल्यावर उरलेली धातूची कड) ठेवा. चौथ्याचा बोअर एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला २५.०२४ असू द्या, म्हणजे टेपर आला. पाचव्याची सगळी मापे बरोबर पण रनआउट ०.०५ असू द्या. जॉबवर १ ते ५ आकडे टाका. टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, ०.००१ मि.मी. लीस्ट काउंटचे (वाचता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाचे) डायल बोअर गेज, त्याची सेटिंग रिंग (शून्य लावायची, माप माहीत असलेली कडी), गो आणि नो-गो प्लग गेज (बरोबर बोअरमध्ये गो जाते, नो-गो जात नाही), सरफेस प्लेट, मँड्रेल आणि डायल स्टँड ठेवा. पुसायला स्वच्छ कापड ठेवा. ते कोण उचलतो हेही बघायचे आहे.

एक पथ्य पाळायलाच हवे. हे पाचही जॉब आधी स्टँडर्ड रूममध्ये (मोजणीच्या खोलीत) दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजून आकडे लिहून ठेवलेले असले पाहिजेत. परीक्षा घेणाऱ्याचेच आकडे डळमळीत असतील, तर उमेदवाराला चूक ठरवण्याचा अधिकार राहत नाही.

पहिली दहा मिनिटे फक्त ड्रॉइंग वाचायला द्या. महत्त्वाच्या मापांभोवती गोल करायला सांगा आणि प्रत्येक गोलाचे कारण विचारा. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकूण मोकळीक (मापात चालणारा फरक) २१ मायक्रॉन, म्हणजे ०.०२१ मि.मी. हा आकडा पाठ नसेल तरी हरकत नाही, तक्ता भिंतीवर लावा. बघायचे ते पुढचे: तो हा बोअर मोजायला काय उचलतो? व्हर्नियर उचलला, तर त्याचा एक भाग ०.०२ मि.मी. म्हणजे २० मायक्रॉनचा. जवळजवळ सगळी मोकळीक त्या एका भागात संपते. मापनयंत्राचे लीस्ट काउंट मोकळिकीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावे, हा शॉपफ्लोअरवरचा नेहमीचा नियम. त्या हिशेबाने दोन मायक्रॉन किंवा त्याहून बारीक वाचणारे साधन लागते. जो न सांगता डायल बोअर गेजकडे हात नेतो आणि आधी सेटिंग रिंगवर शून्य लावतो, त्याने ही जागा निम्मी मिळवली असे समजायला हरकत नाही.

पुढची वीस मिनिटे मोजणी. या वेळात पॅनेलने बोलू नये, नुसते बघावे. मायक्रोमीटरचे अँव्हिल पुसले का, शून्य तपासले का, रॅचेटने फिरवले की थिंबल पकडून आवळले? बोअर एकाच जागी मोजला की दोन्ही टोकांना, आणि ९० अंशांत फिरवून पुन्हा मोजला? गेज झुलवून सगळ्यात लहान वाचन घेतले का? गो गेज अडला तेव्हा जोर लावला, की तोंडाशी बोट फिरवून बर आहे का ते बघितले? बर असलेला जॉब घाईत रिजेक्शनमध्ये टाकणारा कारखान्याचे पैसे घालवतो. बर काढून पुन्हा मोजू असे म्हणणारा ते वाचवतो. टेपरचा जॉब एका टोकाला मोजून 'ओके' लिहिणारा उद्या तोच जॉब ग्राहकाला पाठवेल. आणि रिपोर्टमध्ये तो प्रत्यक्ष आकडा लिहितो की नुसती बरोबरची खूण करतो, यावरून बरेच काही कळते. खुणांच्या रिपोर्टवरून पुढे कोणालाच काही शोधून काढता येत नाही.

फार अनुभवी माणसाची जागा असेल, तर इथेच आणखी एक प्रश्न विचारता येतो. दोन टोकांनी स्पर्श करणारे गेज सगळीकडे २५.०१० दाखवते, तरीही शाफ्ट आत जाताना अडतो. का? बोअर तीन कोनी झालेला असू शकतो. तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ भिंतीचा बुश जास्त आवळला, की मशीनवर गोल असलेला बोअर चक सोडल्यावर तीन ठिकाणी बदलतो, आणि समोरासमोरच्या दोन बिंदूंच्या मापाला तो बदल दिसत नाही. तीन बिंदूंच्या बोअर मायक्रोमीटरने किंवा राउंडनेस मशीनवर तो दिसतो. हे ज्याने एकदा निस्तरले आहे, तो लगेच चकच्या दाबाबद्दल आणि चकच्या मऊ जबड्यांबद्दल (सॉफ्ट जॉ) बोलू लागतो. पुस्तक वाचून आलेल्याला ते सुचणे कठीण असते.

उरलेला पाव तास बोलण्याचा, पण प्रश्न त्याच जॉबवरचे. 'चार नंबरचा जॉब तुम्हाला लाइनवर आत्ता सापडला. पुढे काय?' ऑपरेटरला विचारेन, त्याला समज देईन, वरिष्ठांना मेल करेन, अशी उत्तरे येतात. हवे असलेले उत्तर वेगळे आहे. मशीन थांबवायचे. शेवटची तपासणी बरोबर आली तिथपासून आत्तापर्यंतचा प्रत्येक जॉब संशयित धरायचा. तासाला एकदा तपासणी होत असेल आणि सायकल टाइम ९० सेकंद असेल, तर हे जास्तीत जास्त ४० जॉब झाले. ते बाजूला काढायचे, लाल टॅग लावायचे. मग पुढच्या ऑपरेशनवर, स्टोअरमध्ये आणि निघालेल्या गाडीत यातले काही गेले का ते बघायचे. त्यानंतर कारण शोधायचे. हा क्रम ज्याला माहीत आहे त्याच्या हातून ग्राहकाकडे खराब माल जाण्याची शक्यता कमी होते, आणि कारखान्याला या जागेवर हवे असते ते हेच.

मग कारणांकडे या. २५ जॉबच्या वाचनांचा कागद समोर ठेवा, ज्यात बोअर हळूहळू लहान होत गेला आहे. अनुभवी माणूस सांगेल की इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजतो आहे. बोअरिंगमध्ये टोक झिजले की बोअर लहान होतो, बाहेरच्या टर्निंगमध्ये झिजले की व्यास वाढतो. दुसऱ्या कागदावर वाचने सरळ चालली आहेत आणि मध्येच एकदम उडी आहे. इन्सर्टचा तुकडा उडाला असेल, जबड्यात चिप अडकली असेल किंवा ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) चुकीचा टाकला असेल. तिसऱ्या कागदावर फक्त सकाळचे पहिले पाच-सहा जॉब वेगळे आहेत. स्पिंडल गरम होण्याआधी काम सुरू केले का ते विचारायला हवे. शेवटी ऑफसेट किती टाकायचा ते करून दाखवायला सांगा. बोअर १२ मायक्रॉनने लहान आहे आणि मशीन व्यासाच्या हिशेबाने चालते, तर एक्स अक्षात ०.०१२ टाकायचे, ०.००६ नव्हे. ही चूक रात्रपाळीत सर्रास होते.

तापमानाचा प्रश्न मे महिन्यात तरी विचारलाच पाहिजे. मापांचे संदर्भ तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात. मशीनवरून नुकताच उतरलेला अ‍ॅल्युमिनियमचा जॉब ४० अंशांवर असेल, तर २५ मि.मी.चा बोअर साधारण साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसतो. म्हणजे एच७ ची निम्म्याहून जास्त मोकळीक नुसत्या उष्णतेत गेली. पोलादाच्या जॉबला हाच फरक सहा मायक्रॉनच्या आत राहतो. 'जॉब गार होऊ देईन, सेटिंग रिंग आणि जॉब एकाच जागी ठेवेन' एवढे उत्तर पुरेसे आहे.

आणि हा प्रश्न तर प्रत्येक उमेदवाराला विचारावा: दिवसपाळीचा इन्स्पेक्टर एक जॉब २५.०१९ मोजतो, रात्रपाळीचा तोच जॉब २५.०२३ मोजतो. एकाकडे पास, दुसऱ्याकडे नापास. कोण बरोबर? घाईने एकाची बाजू घेणारा चुकतो. आधी गेज आणि सेटिंग रिंग तपासायची, मग दोघांकडून तोच जॉब पुन्हा मोजून घ्यायचा, आणि फरक राहिलाच तर मोजण्याच्या पद्धतीचाच अभ्यास करायचा: दहा जॉब, तीन माणसे, प्रत्येकाची तीन-तीन वाचने. एकूण दोष १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, १० ते ३० मध्ये असेल तर कामाचे महत्त्व बघून ठरवायचे, ३० च्या वर असेल तर त्या गेजवर निर्णय घ्यायचाच नाही.

नुकताच डिप्लोमा झालेल्या मुलाकडून यातले सगळे अपेक्षित धरणे अन्याय होईल. त्याला पाच मिनिटे डायल बोअर गेज कसे लावायचे ते दाखवा आणि मग त्याच्याकडून करून घ्या. दाखवलेले तो किती लवकर उचलतो, न समजलेले विचारतो का, एवढेच बघा. ड्रॉइंगवरचे प्रोजेक्शनचे (जॉबच्या बाजू कागदावर मांडण्याच्या पद्धतीचे) चिन्ह ओळखता आले पाहिजे, कारण आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात आणि अमेरिकी ग्राहकाची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतात. डावी-उजवी बाजू उलटी समजून भोक चुकीच्या बाजूला पाडल्याने आख्खा लॉट भंगारात जातो.

इतर जागांनाही हाच न्याय लागतो. मेंटेनन्सच्या माणसाला एका फळीवर एमसीबी, काँटॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि दोन पुश बटणे जोडून द्या, रिलेचा एनसी (एरवी जोडलेला राहणारा) संपर्क तोडून ठेवा, हातात मल्टिमीटर द्या. तो आधी सप्लाय बंद आहे का याची खात्री करतो की थेट स्क्रू ड्रायव्हर घालतो, हे पहिल्या मिनिटात कळते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंगचे दोन तुकडे ठेवा. एकात गुळगुळीत भिंतीचे गोल छिद्र, दुसऱ्यात जाड भागातली खडबडीत पोकळी. पहिले वायूमुळे, दुसरे आकुंचनामुळे. पहिल्यासाठी जो वाळूतला ओलावा आणि कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) विचारतो आणि दुसऱ्यासाठी रायझर (आकुंचन भरून काढणारा वितळलेल्या धातूचा साठा) विचारतो, त्याला घ्यावे.

डिझाइनच्या जागेसाठी मात्र सावधगिरीची सूचना आहे, आणि ती कारखान्यांना आहे. 'असाइनमेंट' म्हणून चालू कामाच्या फिक्स्चरचे (जॉब पकडण्याच्या साधनाचे) पूर्ण थ्रीडी मॉडेल तीन दिवसांत करून मागणे ही परीक्षा नव्हे. ते फुकट करून घेतलेले काम आहे. तेच काम पाच उमेदवारांना दिले जाते आणि जागा कोणालाच मिळत नाही, तेव्हा हेतूबद्दल शंका उरत नाही. जुन्या, बंद झालेल्या जॉबचे, एका तासाचे आणि कारखान्यातच बसून करायचे काम द्यावे, आणि कागद उमेदवाराबरोबर परत जाऊ द्यावेत.

भाषेचा मुद्दा टाळून चालणार नाही. लातूर, बीड, परभणीकडच्या पॉलिटेक्निकमधून आलेली कित्येक मुले मायक्रोमीटर उत्तम चालवतात आणि इंग्रजीतल्या पहिल्या प्रश्नाला गप्प होतात. पॅनेल मराठी, उमेदवार मराठी, आणि संभाषण दोघांनाही अडखळायला लावणाऱ्या इंग्रजीत. याने काहीच मोजले जात नाही. कामात ग्राहकाला इंग्रजीत मेल लिहावे लागत असतील, तर चार ओळींचा मेल लिहून घ्या: कोणता जॉब, कोणता दोष, किती नग, काय केले. तीच खरी गरज आहे. बाकी मुलाखत मराठीत किंवा हिंदीत होऊ द्या.

मुलींना विचारले जाणारे 'लग्न कधी करणार', 'नंतर नोकरी सोडणार का' हे प्रश्न बंद झालेच पाहिजेत. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान मोबदला कायद्याने मनाई केली, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. पाळ्या कोणत्या, रात्री ने-आण करायला बस आहे का, हे दोन्ही बाजूंनी उघड बोलावे, आणि मुलग्यांशीही तेच बोलावे.

गुण देण्याची पद्धत सोपी ठेवा. ड्रॉइंग वाचन, साधनाची निवड, मोजण्याची शिस्त, खराब जॉब सापडल्यावरचा क्रम, कारणमीमांसा, अशा पाच ओळी आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण. पॅनेलमधल्या प्रत्येकाने उमेदवार बाहेर गेल्यावर, आपसांत बोलण्याआधी, स्वतःचा कागद भरावा. साहेबांनी आधी मत दिले की बाकीच्यांचे गुण त्याच बाजूला झुकतात. फोनवरच्या दहा मिनिटांच्या चाळणीतून आठ जण बोलावले, तर प्रत्येकी पाऊण तास धरून सहा तास लागतात. एक दिवस. चुकीचा माणूस घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा वीस जणांना बोलावण्यापेक्षा हा दिवस स्वस्त आहे.

पगाराबद्दल तर बहुतेक वेळा शेवटपर्यंत स्पष्ट बोलले जात नाही. 'पॅकेज ३ लाख ६० हजार' म्हणजे महिना ३० हजार, असे ऐकणारा समजतो. मूळ पगार १५ हजार धरला, तर त्या ३० हजारांत कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,८००, ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० आणि वर्षातून एकदा मिळणाऱ्या बोनसचे साधारण १,२५० रुपये असतात. उरले २६,२३०. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २४,२३० येतात. कँटीन आणि बसची कपात आणखी वेगळी. भोसरीत खोली घेऊन राहायचे की नाही हे या आकड्यावर ठरते. तेव्हा हातात येणारा आकडा पहिल्या फोनवर सांगायला अडचण काय आहे? नियुक्तिपत्र कारखान्याचे मिळणार की कंत्राटदाराचे, हेही तेव्हाच सांगायला हवे. सहा तास थांबवून संध्याकाळी 'आधी एक वर्ष थर्ड पार्टी पेरोलवर' असे सांगणे ही फसवणूकच आहे.

बाँडचेही तसेच. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा 'बाँडला कोर्टात किंमत नसते' या ऐकीव सल्ल्यावर सही करू नये. रक्कम किती, मुदत किती, कंपनी प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च करणार, हे सहीच्या आधी लेखी मागावे. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे दाखवावीत, कंपनीने ती बघून त्याच टेबलावर परत द्यावीत. ठेवून घेऊ म्हणणाऱ्या ठिकाणी नोकरी न केलेली बरी. गणवेश, मेडिकल, 'सिक्युरिटी डिपॉझिट' यासाठी आधी पैसे मागणारा मध्यस्थ कोणाचेही नाव सांगत असला, तरी एक पैसाही देऊ नये.

उमेदवारांकडूनही चुका होतात. बायोडेटात 'एसपीसी, एमएसए, पीपीएपी, ८डी' अशी गुणवत्तेच्या पद्धतींची नावे लिहायची आणि प्रत्यक्षात फक्त आयत्या एक्सेलमध्ये आकडे भरलेले असायचे, हे टेबलावर दोन प्रश्नांत उघडे पडते. जे स्वतःच्या हाताने केले तेच लिहावे: कोणते गेज, कोणता जॉब, किती मोकळीक. आधीच्या कंपनीची ड्रॉइंग आणि रिपोर्ट मोबाइलमध्ये भरून दाखवायला आणू नयेत. ती गोपनीय असतात, आणि जो तिकडची दाखवतो तो उद्या इकडचीही दाखवेल असे पॅनेलला वाटणे साहजिक आहे. ती मागणाऱ्या पॅनेललाही 'नाही' म्हणावे.

निकाल न कळवण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते: जागेला वरून मंजुरीच मिळालेली नसते. मंजुरी आधी घ्या, मग माणसे बोलवा. आणि सात दिवसांच्या आत दोन ओळी पाठवा. 'आपली निवड झालेली नाही. मोजणी चांगली होती, खराब जॉब सापडल्यानंतरच्या क्रमाची तयारी करावी.' व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहायला अर्धे मिनिट लागते. त्या मुलाला पुढच्या मुलाखतीआधी काय वाचायचे ते कळते, आणि तो दुसऱ्या कंपनीला होकार द्यायला मोकळा होतो.

आपल्या वृत्तपत्राला आमची एक विनंती आहे. नोकरीविषयक छोट्या जाहिराती स्वीकारताना सहा गोष्टी भरल्याशिवाय जाहिरात घेऊ नये: नेमके काम, किमान अनुभव, पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी, हातात येणारा पगार, नियुक्तिपत्र कोणाचे, आणि बाँड आहे की नाही. पुण्याचे मराठा चेंबर, नाशिकची निमा, छत्रपती संभाजीनगरच्या सीएमआयए व मासिआ, कोल्हापूरची गोशिमा या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासद कारखान्यांसाठी ड्रॉइंगची एक प्रत, पाच जॉबची यादी आणि गुणांचा कागद असा एक नमुना संच तयार करून द्यावा. लहान कारखान्यांत वेगळा एचआर विभाग नसतो. त्यांना तो सगळ्यात आधी द्यावा.

आपले,
चाकण-भोसरी पट्ट्यातील कारखान्यांत गुणवत्ता व उत्पादन विभागांत काम करणारे काही अभियंते